गिरणीच्या दोघी

"एवढी हळद? कुणाचं जागरण हाय का वहिनी?" शैलानं विचारलं.

प्रमिलावहिनींबरोबर आलेल्या गड्यानं पोतं हळदीच्या मशीनपाशी टेकवलं आणि तो पाठ चोळत बाहेर गेला. प्रमिलावहिनी म्हणजे दिनकरअण्णांची बायको. त्या साली आमच्या कडेवाडीचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं होतं, म्हणून अण्णांनी आपल्या जागी त्यांना उभं केलं होतं. एरवी त्यांचं दळण घरातली गडीमाणसं आणायची. आज त्या स्वतः आल्या होत्या, पदर नीट डोक्यावर घेऊन.

"जागरणच समज," त्या म्हणाल्या. "गाव झोपलंय, त्याला जागं करायचंय. भंडारा पायजे. बारीक दळ. मिरचीचा खकाणा यायला नको त्यात."

"देवाचा म्हटल्यावर मशीन धुऊनच घेणार की."

शैला खूश झाली होती. तिच्या माहेरचं कुलदैवत खंडोबा. भंडाऱ्याची हळद दळायची म्हटली की ती चपला काढायची, हातपाय धुवायची, पहिली मूठ देवापुढं ठेवायची आणि मगच बाकीची दळायची. हिशेबात ही मूठ धरायची नाही, असा तिचा नियम होता आणि तो मला मुकाट्यानं मानावा लागे. त्या दिवशीही ती गुणगुणत मोरीकडं गेली.

मी ज्वारीचं पुढचं दळण घालायच्या बेतात होते. चार-पाच बायका डबे घेऊन बसल्या होत्या. वहिनींनी मला हातानंच थांबायची खूण केली आणि मोबाइल काढला.

"या गं, बघा जरा. पुण्याचं लगीन हाय."

लहानसा हॉल होता. दोन मुली, दोघीही नऊवारीत, दोघींच्याही हातात हार. एकीनं दुसरीला हार घातला, दुसरीनं पहिलीला. टाळ्या वाजल्या. त्यातली उंच, चष्मेवाली मुलगी सगळ्यांच्या ओळखीची होती. सुलूकाकी बोराट्यांची प्राची. आणि तिच्यामागं जांभळ्या साडीत स्वतः सुलूकाकी उभी होती, मूठभर अक्षता टाकत, डोळे पुसत. हीच सुलूकाकी सरपंचपदाला वहिनींच्या विरोधात उभी होती.

"आणि नवरा कुठाय?" गजराबाईनं विचारलं. गजराबाई आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"न्हाय नवरा. ह्या दोघीच."

मग कुणीतरी खुदकन हसलं.

"आता एवढंच बघायचं राहिलं हुतं," गजराबाई म्हणाली. "पण वहिनी, एक सांगू का? नळ तिनंच आणला की. तालुक्याला खेटे घालून चपला झिजवल्या बिचारीनं. आता वरच्या वस्तीला बी पाणी देती म्हणतीय."

"नळाचं पाणी पितीस म्हणून काय बी चालवून घेशील? उद्या तुझी नात असला हार घालून दारात उभी राहिली तर?"

"माझी नात बालवाडीत हाय वहिनी."

सगळ्या हसल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत. "हसा. ही बाई उद्या गावाची मोठी होणार. तिच्याच घरात असलं, तर ती तुमच्या पोरीबाळींना काय सांगणार? पाणी काय, आमचे हे बी आणतील."

"मग एवढी वर्षं कुणी धरलं हुतं त्यास्नी?" गजराबाई पुटपुटली, पण हळू.

"उद्या रविवार. देवाचा वार," वहिनी म्हणाल्या. "घरोघर ताट फिरणार. असल्या लग्नाला अक्षता टाकणाऱ्या घराला मत न्हाय, असं म्हणून बाईनं बेलभंडारा उचलायचा. पहिलं ताट हितं आणते. विमल, शैला, पहिल्यांदा तुम्ही दोघींनी उचला. गिरणीवालीनं उचलला की गाव उचलतंय."

आमच्या भागात भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मागं घेत नाहीत. माणसं कोर्टात खोटं बोलतात, पण भंडाऱ्यावर नाही. बांध सरकवला होता हे भंडाऱ्यापुढं कबूल करून जमीन सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझा हात ज्वारीच्या डब्यात होता. तो बाहेर काढायचं मला सुचेना. मशीनपाशी शैला ओल्या पायांनी उभी होती, आणि तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

गावाला आम्ही मावसबहिणी म्हणून माहीत होतो. आम्ही मावसबहिणी नव्हतो. मला नवऱ्यानं टाकलं, तेव्हा मामांनी या गिरणीवर बसवलं आणि मामांच्या मागं ती माझी झाली. शैला मला तालुक्याला शिवणाच्या क्लासात भेटली. तिचा नवरा गेलेला, सासरी कुणी विचारणारं नाही. ती एक वर्ष एसटीनं येत-जात राहिली आणि एके दिवशी ट्रंक घेऊन आली. कोण गं ही, असं गजराबाईनं भिंतीवरून विचारलं तेव्हा मावसबहीण हा शब्द माझ्या तोंडून निघून गेला. त्यानंतर आम्ही त्याच शब्दाच्या आडोशाला राहिलो. दोन खाटा टाकायच्या, दोन दोऱ्यांवर कपडे वाळत घालायचे, चारचौघींत एकमेकींवर थोडं खेकसायचं. आम्ही काय आहोत हे ज्या दिवशी गावाला कळेल, त्या दिवशी गिरणी, घर आणि शैला, तिन्ही जातील, हे मला पक्कं माहीत होतं. पलीकडच्या तालुक्यात कोंबड्यांच्या शेडवर कामाला जाणाऱ्या दोन पोरी पळून गेल्या होत्या. त्यांना जीपमध्ये घालून परत आणलं, एकीचे केस कापले आणि दुसरीचं त्याच आठवड्यात एका बिजवराशी लग्न लावलं. ही गोष्ट गजराबाईनं आमच्याच गिरणीवर हसत हसत सांगितली होती. मीही हसले होते. हसावंच लागतं.

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून शैला म्हणाली, "मी उचलणार न्हाय."

"तोंडदेखला उचल. मत कुणाला दिलंस ते कुणाला दिसतंय?"

"त्याला दिसतंय." तिनं देव्हाऱ्याकडं मान वळवली.

"शैला, पहिलं ताट आपल्याकडंच का येतंय? गावात दुसरी घरं न्हाईत? कुणाला संशय आला असंल तर?"

"गिरणीवर बाया असतात म्हणून येतंय. तू उगाच भिऊ नको."

"उगाच?" माझा आवाज चढला आणि मी घाबरून भिंतीकडं पाहिलं. पलीकडं गजराबाई भाकरी थापत होती. प्रत्येक थाप इकडं ऐकू येत होती, म्हणजे इकडचंही तिकडं जात असणार. मी कुजबुजले, "एका मुठीचा प्रश्न हाय. उचलला की सुटलो."

"अन मी तो कसा उचलू? तुला ठावं न्हाय का?"

मला ठाऊक होतं. मी उठून तिच्या ताटात भाकरी वाढली आणि ती तशीच राहिली.

रविवारी सकाळी वहिनी आल्या त्या दहा-बारा बायका घेऊनच. ताटात भंडाऱ्याची रास, वर बेलाची पानं, मधे नारळ. शैलानं स्वतःच्या हातानं दळलेला तो भंडारा इतका पिवळाधमक होता की बघत राहावं. गिरणी बंद, सगळ्यांचे डोळे आमच्यावर. शैला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी ओळखत असलेला हट्ट होता. ही आता तोंड उघडणार आणि सगळं संपणार.

"ये शैला," वहिनी म्हणाल्या. "तू देवाची माणूस. पहिला हात तुझा."

"वहिनी, मी..."

"थांबा!" मी ओरडलेच. "तिला शिवायचं न्हाय. बाजूला हाय ती."

वहिनींनी ताट झटकन मागं घेतलं. बायका दोन पावलं सरकल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गजराबाई पुढं वाकली.

"बाजूला? अगं मग हिच्या कपाळाला भंडारा कसा?"

रविवारची पूजा झाली की शैला कपाळभर भंडारा ओढायची. तो तिथं होता, ओला, ठसठशीत. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिच्या कपाळाकडं किती वेळा पाहिलं असेल, आणि नेमक्या त्या क्षणी मला ते दिसलं नाही. शैलानं माझ्याकडं पाहिलं. मग पदराचं टोक घेऊन तिनं कपाळ पुसलं, सावकाश. देवाचं लेणं तिनं माझ्या खोट्यासाठी पुसलं. त्या वेळी तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही, कारण मला बघवलं नाही.

"पूजा झाल्यावर कळलं तिला," मी म्हणाले.

"बरं. मग तू उचल," वहिनींनी ताट माझ्यापुढं धरलं.

"मला शिवलंय तिनं," मी म्हणाले. "सकाळचा च्या तिच्याच हातचा. दोघीच तर हाओत घरात, कोण कुणाला वेगळं बसवणार?"

यावर बायका खळखळून हसल्या. "व्हय की, खरंच," गजराबाई म्हणाली. शैला मला शिवते, ही गोष्ट मी चारचौघींत पहिल्यांदाच बोलले होते, आणि सगळ्या हसत होत्या. मीही हसले. मग पोत्यावर बसले.

"गुरुवारी न्हाऊन देवळात या," वहिनी म्हणाल्या. "राहिलेल्या सगळ्या बायका तिथं गावासमोर उचलणार हाईत. रविवारी मतदान, त्याच्या आत सगळं पक्कं झालं पायजे." मग त्यांनी ताट दुसऱ्या बाईपुढं धरलं. एकेकीनं मूठ उचलली, ते शब्द उच्चारले, भंडारा कपाळाला लावला. गजराबाईनंसुद्धा. गिरणीतली जमीन पिवळी झाली.

पुढचे दिवस माझ्या अंगात भीती तापासारखी राहिली. कुणी दळणाचा डबा ठेवून पाठ फिरवली की ती दुसरीला काय सांगते याकडं माझे कान. दोघी बायका हसल्या की त्या आम्हालाच हसल्या. मी ट्रंकेत दोघींची दोन-दोन लुगडी आणि गिरणीचे कागद घालून ठेवले. शैलानं ते पाहिलं. तिनं कपाळाला भंडारा लावला नव्हता. खोटं का होईना, ती पाळत होती.

बुधवारी दुपारी लाइट गेली. लाइट नसली की गिरणीवर कुणी फिरकत नाही. अशा वेळी सुलूकाकी आली, डोक्यावर डबा नाही, हातात पिशवी नाही. पायातल्या चपलाही दोन वेगवेगळ्या. एवढी तालुक्याला अधिकाऱ्यांशी भांडणारी बाई, चार दिवसांत खंगली होती.

"शैला, मूठभर भंडारा दे गं," ती म्हणाली. "तुझ्या हातचा."

"कशाला काकी?"

"उद्या देवळात उचलायचाय. प्राची माझी पोर न्हाय, मला ती मेली, असं गावासमोर म्हणायचंय. आमच्या पॅनेलच्या माणसांनी सांगितलं, तेवढं म्हणा काकी, मतं परत येतील."

मला हायसं वाटलं, हे खरं आहे. काकीनं असं म्हटलं की विषय मिटणार होता. ताटं फिरायची थांबणार होती. मी डबा आणायला वळलेसुद्धा.

"न्हाय देणार," शैला म्हणाली.

"का गं?"

"तुम्ही अक्षता टाकल्या तवा रडत हुता. मी बघितलं मोबाइलमधी. ते खोटं हुतं का?"

काकी पोत्यावर बसली. "खोटं कसं असंल? सून म्हणावं का लेक म्हणावं, पण पोरगी गुणाची हाय. मला सारखी फोन करती, गोळ्या घेतल्या का विचारती." तिनं नाक पुसलं. "पण वरच्या वस्तीचं काय? तिथल्या बाया अजून विहिरीत उतरत्यात पाण्याला. लाइन मंजूर झालीय. मी पडले तर दिनकर ती आपल्या मळ्याकडं वळवणार, हे तुला बी कळतंय. एक लेक तोडली तर शंभर बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरतोय. तूच सांग, मी काय करू? गावाला माझ्याकडनं पाणी पायजे, पण आधी पोरीपायी माझं नाक घासून पायजे."

शैला आत गेली. देव्हाऱ्याच्या मागं ठेवलेली पितळी डबी घेऊन ती बाहेर आली.

"शैला, नको," मी म्हणाले. "शैला, तुला माझी शपथ."

"तुझी शपथ मोठी का ही मोठी?" तिनं डबीचं झाकण उघडलं. आत थोडा भंडारा होता आणि वाळून काळं पडलेलं बेलाचं पान. "काकी, हा जेजुरीचा. लई वर्षांमागं आम्ही दोघींनी उचलला. हिला मी सोडणार न्हाय अन मला ही सोडणार न्हाय. अन देवाच्या नावानं कुणी इचारलं तर, ही माझी कुणी न्हाय, असं म्हणणार न्हाय. आम्ही बहिणी न्हाई काकी. म्हणून मी रविवारी ताट उचललं न्हाय. अन म्हणून तुमच्या हातात बी देणार न्हाय. एकदा उचलून आपल्या माणसाला न्हाय म्हटलं, की मग ते कवाच आपलं हुत न्हाय."

सुलूकाकी डबीकडं बघत राहिली. मग शैलाकडं. मग माझ्याकडं. माझ्याकडं ती फार वेळ बघत होती. मग उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर मी शैलाचा दंड धरला. मी तिला आयुष्यात कधी तसं धरलं नव्हतं. "काय केलंस हे? मतदान तोंडावर आलंय. बुडणारी बाई हाय ती. उद्या देवळात उभी राहून ती म्हणंल, माझ्या घरात काय बघताय, गिरणीत बघा! त्या वहिनीनं ज्यांच्या हातनं भंडारा दळून आणला त्या कोण हाईत बघा! डाव उलटल की तिचा एका झटक्यात!"

"म्हणू दे."

"म्हणू दे? जीप आठव. केस आठव त्या पोरीचे."

शैलाचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे तीही घाबरली होती. ते बघून मला जास्तच भीती वाटली, कारण आमच्या घरात न घाबरण्याचं काम तिच्याकडं होतं. "दंड दुखतोय विमल," ती म्हणाली. मी हात सोडला.

गुरुवारी देवळाच्या पटांगणात सगळं गाव होतं. बाप्ये झाडाखाली, बायका पायऱ्यांजवळ. मी ट्रंक दाराशी ठेवून आले होते आणि एसटीची वेळ डोक्यात घोकत होते. मधोमध चौरंगावर ताट. शेजारी प्रमिलावहिनी.

"गिरणीच्या दोघी आल्या का?" त्यांनी विचारलं. "या पुढं. न्हालात ना?"

आम्ही पुढं झालो. शैलानं माझ्या हाताला हात लावला, तोही पदराखालून. मला तेव्हा कळलं की आता कुठलाच बहाणा उरलेला नाही. एवढ्यात गर्दी हलली आणि सुलूकाकी आली. तिच्या पॅनेलची माणसं तिच्यामागं होती, निर्धास्त. काकी चौरंगापाशी आली, तिनं पहिल्यांदा आमच्याकडं पाहिलं आणि मग गावाकडं.

"आधी मी उचलते," ती म्हणाली. "मग बाकीच्या."

वहिनी जरा हसल्या. काकी काय म्हणणार हे बहुधा त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ताट पुढं केलं. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मी ऐकत होते, की आता गिरणी हा शब्द येईल.

"प्राची माझी लेक हाय," काकी म्हणाली. "भंडाऱ्याची शपथ. तिनं हार घातला ती बी माझीच. मी अक्षता टाकल्या, राजीखुशीनं टाकल्या, अन परत टाकायची येळ आली तर परत टाकीन. माझ्या घरात काय हाय ते मी सांगितलं. तुमच्या नळाला काय हाय ते तुम्ही बघा. त्यावर मत द्या, न्हायतर ह्यावर द्या. तुमचं बटण, तुमचं बोट."

मी डोळे उघडले. तिच्या पॅनेलची माणसं एकमेकांकडं बघत होती. वहिनी भानावर आल्या.

"ऐकलं ना गावानं? तिच्याच तोंडानं! आता विमल, शैला, या. उचला."

वहिनींनी ताटाला हात घालायच्या आत काकीनं ते उचललं होतं. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर. आणि तिनं ताटातला भंडारा तसाच आभाळात उधळला.

"सदानंदाचाऽऽ!"

"येळकोट!" गाव गरजलं.

विचार करायला कुणाला वेळच मिळाला नाही. आमच्याकडं ही हाक कानावर पडली की पाळण्यातलं पोरही तोंड उघडतं. झाडाखालचे म्हातारे, वरच्या वस्तीच्या बायका, काकीच्या पॅनेलची माणसं, सगळे ओरडले.

"येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" यात प्रमिलावहिनींचाही आवाज होता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, मी ऐकला. वरून भंडारा पडत होता. सगळ्यांची डोकी, खांदे, पदर पिवळे. शैलाच्या चार दिवस कोऱ्या राहिलेल्या कपाळावरही तो पडला. ती रडत होती.

वहिनी भानावर येऊन ओरडल्या, "ताट मोकळं केलं हिनं! अरे भंडारा आणा कुणीतरी दुसरा!"

"दुसरा कुठनं आणायचा?" गजराबाई म्हणाली. "गिरणीवरच असतोय की."

सगळ्यांनी शैलाकडं पाहिलं.

"हळद संपली," शैला म्हणाली.

गजराबाई डोळ्यातला भंडारा पुसत माझ्याकडं बघत होती. भिंतीपलीकडून तिनं इतक्या वर्षांत काय काय ऐकलं होतं हे मला आजतागायत ठाऊक नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "चला गं, देवानं घेतला भंडारा. आता कसली शपथ? माझं कालवण चुलीवर हाय." आणि ती निघाली. तिच्यामागं बायका निघाल्या.

आम्ही घरी आलो. ट्रंक दाराशीच होती. मी ती उघडली नाही, जागेवरही ठेवली नाही. निकाल लागेपर्यंत ती तिथंच होती.

रविवारी मी मत दिलं. बुधवारपर्यंत मी काकीला पाण्यासाठी देणार होते. मशीनपुढं उभी राहिले तेव्हा मला पाणी आठवलं नाही. हे बरोबर की चूक, मला सांगता येणार नाही. ज्या बायांनी भंडारा उचलला होता त्यांनाही बहुतेक पाणी आठवलं नसेल.

काकी पडली. थोड्या मतांनी, पण पडली. वरच्या वस्तीची लाइन पुढं कित्येक वर्षं कागदावरच राहिली, आणि तिथल्या बायांना विहिरीत उतरताना पाहिलं की मी अजून मान खाली घालते.

निकालानंतर काही दिवसांनी काकी दळण घेऊन आली. चपला एकसारख्या होत्या. गिरणी चालू होती, दोन-तीन बायका होत्या, गजराबाई होती. काकीनं डबा ओळीत ठेवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. गिरणीच्या आवाजात कानाशी बोललं तरच ऐकू येतं.

"दिवाळीला प्राची येतीय. दोघी येत्यात," ती म्हणाली. "जेजुरीला न्यायचं म्हणते त्यास्नी. नव्या जोडीला न्यावं लागतं ना. पण एक कळंना बघ. तिथं नवरा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढतो. हितं कुणी कुणाला उचलायचं?"

सवयीनं माझी नजर बायकांकडं गेली.

"तुम्ही दोघी गेला हुता तवा," काकीनं विचारलं, "कुणी कुणाला उचललं? खंडोबाची आण हाय, खरं सांग."

गिरणीचा आवाज चालूच होता. मला हसून टाळता आलं असतं, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पलीकडं शैला मशीन पुसता पुसता थांबली होती. तिला एक अक्षरही ऐकू गेलं नसणार, पण ती माझ्याकडं बघत होती. गजराबाईही बघत होती. मी हात पदराला पुसले.

"मी हिला," मी म्हणाले. आवाज गिरणीत बुडाला, म्हणून मी बटण बंद केलं आणि पुन्हा म्हणाले. "मी उचललं हिला, काकी. पाचही पायऱ्या."